कोरडी डबी

८ नोव्हेंबर, शनिवार

आज पूलमध्ये ईश्वरीच्या डबीत पाणी शिरलं आणि मला इतका आनंद झाला की माझीच मला लाज वाटली.

पाच महिने मी त्या पूलमध्ये सगळ्यांत ढ होते. बावन्नाव्या वर्षी पोहायला शिकलेली बाई. मास्कमध्ये पाणी गेलं की घाबरणारी, पायातले फिन घालून उलटी चालणारी. आज पहिल्यांदा असं काही बिघडलं, ज्यातलं मला तिथल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं.

नीट लिहिते. ईश्वरी आमची डायव्हिंगची शिक्षिका. मूळची मालवणची. खारघरच्या पूलमध्ये शनिवार-रविवारी शिकवते आणि थंडीत बॅचला मालवणला समुद्रात नेते. यंदा तिने बीकन घेतलं आहे. हाताच्या पंजाएवढं पिवळं यंत्र. समुद्रात कोणी हरवलं तर अँटेना उभी करायची, बटण दाबायचं. आपण नेमके कुठे आहोत ते सॅटेलाइटवरून बचाव केंद्राला कळतं. पण ते यंत्र लाटा आणि पाऊस सोसेल एवढंच. खोल पाण्याचा दाब त्याला झेपत नाही. म्हणून डायव्हरने ते फिरकीच्या झाकणाच्या जाड डबीत घालून न्यायचं. ती डबी आज चार मीटर खाली नेऊन वर आणली तर आत दोन चमचे पाणी! नशीब, ईश्वरीने पहिल्यांदा रिकामीच नेली होती.

"परत पाठवून देते," ती वैतागून म्हणाली.

मी म्हटलं, "आधी मला बघू दे." झाकण काढलं, कडेची रबरी ओ-रिंग नखाने उचलली, उजेडात धरली. रिंगवर एक केस. लांब, काळाभोर, बहुतेक ईश्वरीचाच.

"एका केसाने?" जाई म्हणाली. जाई माझी पाण्यातली जोडीदार. दातांची डॉक्टर आहे, चौतीस वर्षांची.

"केसाच्या कडेने पाणी आत चालत येतं," मी सांगितलं. "रिंग दाबून बसली पाहिजे. मध्ये केस आला की बसत नाही."

चोवीस वर्षं मी महाप्याच्या कारखान्यात व्हॉल्व्हची गळती तपासते. पाण्यात धरायचं, आतून हवा सोडायची, बुडबुडा दिसला की लाल चिठ्ठी लावून बाजूला काढायचं. कोणी विचारलं की सांगताना हे काम फार छोटं वाटतं. आज वाटलं नाही.

डबी तपासायला घरी आणली. माझ्या नवऱ्याने, अंकुशने, ती उचलून बघितली आणि म्हणाला, "लोणच्याला चांगली आहे." मी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कामावर बाजीरावसाहेबांना विचारून जेवणाच्या सुट्टीत डबी आमच्या दाबाच्या टाकीत घातली. आत बीकनऐवजी त्याच्याच वजनाचे नट आणि टिश्यू पेपरची घडी. टिश्यू खोटं बोलत नाही. थेंबभर पाणी आलं तरी डाग दिसतो.

रिंग पुसली, खाच पुसली, ग्रीसचं बोट नुसतं फिरवलं. ईश्वरीने आधी ग्रीस असं थापलं होतं, जसं भाकरीवर लोणी. जास्त ग्रीसला धूळ चिकटते, केस चिकटतात. आम्ही जास्तीत जास्त अठरा मीटर खाली जाणार, तिथे पाण्याचा दाब दोन बारच्या आत. मी पाच बार लावले आणि अर्धा तास ठेवले. साहेब डबा घेऊन तिथेच उभ्याने जेवले.

काढली. पुसली. उघडताना तोंड बाजूला धरलं, कारण आत दाब कोंडला असेल तर झाकण उडू शकतं. टिश्यू कोरडा.

साहेब म्हणाले, "मॅडम, या वयात पाण्यात कशाला जाताय?" पण हसून म्हणाले. अंकुश हेच वाक्य न हसता म्हणतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

डबी आता माझ्या ताब्यात. ईश्वरीनेच ठरवलं. "ताई, सील तुमचं, डबी तुमची. तुमच्याच जॅकेटला लावायची."

आज सगळ्यांसमोर मी तिची एक चूक काढली आणि दिवसभर मनात कुढत बसले, की एकटीला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. बीकनची नोंदणी करताना एक फॉर्म भरावा लागतो. सिग्नल आला की केंद्रातले लोक आधी फॉर्मवरच्या नंबरला फोन करून खात्री करतात, की माणूस खरंच समुद्रात आहे की घरात कोणाचा चुकून हात लागला. तिथे ईश्वरीने स्वतःचाच नंबर दिला होता.

"अगं, तू पाण्यात असशील," मी म्हटलं. "फोन बोटीवर. कोण उचलणार?"

सगळे हसले. ती लाल झाली. मग प्रश्न आला की नंबर द्यायचा कोणाचा. ईश्वरीच्या आईला ऐकू कमी येतं. जाईचा नवरा जहाजावर असतो. मी म्हटलं, अंकुशचा द्या. मागच्या वर्षी बस डेपोतून रिटायर झाल्यापासून तो प्रत्येक फोन उचलतो. कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलीशीही तो दहा मिनिटं बोलतो, गाव विचारतो.

घरी येऊन सांगितलं.

"मला काय करायचं?" तो म्हणाला.

"फोन आला तर उचलायचा. सांगायचं, हो, ती समुद्रात आहे."

"कोण कोण? किती जण? बोट कोणती? किती वाजता सुटणार, किती वाजता परत?"

"मला काय माहीत! गेल्यावर कळेल."

"मग मी त्यांना काय सांगू?" असं म्हणून टीव्ही लावला. डेपोत कंट्रोलर होता ना. तीस वर्षं खिडकीत बसून बस कधी गेली, कधी आली हे लिहिलं. डेपो सुटला, सवय सुटली नाही. साधं "काळजी घे" म्हणेल तर शपथ!

१ डिसेंबर, सोमवार

मालवणहून सकाळी परत. बस उशिरा पोचली, आज सुट्टी टाकली. खांदे दुखतायत आणि मी खूष आहे.

काल दोन वेळा समुद्रात उतरले. पहिल्यांदा बोटीवरून पाय पसरून उडी मारली आणि लोंबती डबी खालून हनुवटीवर आपटली. आप्पा, म्हणजे आमच्या बोटीचे मालक, पोट धरून हसले. डबीला एकच हूक लावला होता. दुसऱ्या वेळी वर-खाली दोन्ही बाजूंनी हूक लावून डाव्या कुशीशी घट्ट बसवली. कुठल्याही हाताने सापडते. आणखी एक कळलं. आत हवा असल्यामुळे डबी तरंगते आणि मला डावीकडून वर ओढते. ईश्वरीने कमरेच्या पट्ट्यातलं वजनाचं शिसं थोडं सरकवलं, मग सरळ पोहता आलं.

सोळा मीटरवरून डबी वर आली. गोड्या पाण्याने धुतली, पुसली, सावलीत उघडली. टिश्यू कोरडा. मी तो टिश्यू या डायरीत ठेवला आहे. येडेपणा आहे, पण ठेवला आहे.

घरी आले तर अंकुश हॉलमध्ये फोन धरून बसलेला. "जेवलास का काल?" विचारलं तर म्हणाला, "भूक नव्हती." रविवारचा कॅरमही बुडवला म्हणे. माझ्यावरचा राग जेवणावर काढतो. पंचवीस वर्षं मी याच्या शिफ्टप्रमाणे डबे केले. माझे दोन रविवार याला सहन होत नाहीत.

६ डिसेंबर, शनिवार

पूलला सुट्टी. अंकुश आणि मी दरवर्षीसारखे चैत्यभूमीला. तो मंडळाच्या पाण्याच्या स्टॉलवर उभा राहतो, मी रांगेतल्या म्हाताऱ्या बायांना हात देते. परभणीकडची एक आजी म्हणाली, "बाई, तुझा हात लई गार हाय." मी म्हटलं, "आजी, मी समुद्रात पोहते." ती म्हणाली, "बरं करतीस. आमाला तर हिरीत बी उतरू देत नव्हते."

अंकुश शेजारीच होता, पेला भरत होता. तो माझ्याकडे बघत राहिला. पेला भरून वाहायला लागला तरी नळ चालूच.

१४ डिसेंबर, रविवार

पूलमध्ये डोळे मिटून डबी उघडायची प्रॅक्टिस. ईश्वरीने नियम पक्के करून घेतले. पाण्याखाली झाकणाला हातही लावायचा नाही. वर आल्यावर आधी जॅकेट फुगवायचं, तरंगायचं. मग झाकण, मग बीकनची दोरी मनगटात, मग बीकन बाहेर. दोरी आधी, कारण ओल्या हातातून बीकन निसटलं तर गेलं. आणि एकदा उघडलं की परत पाण्याखाली जायचं नाही.

मी नऊ वेळा केलं. जाईला सातव्यांदा जमलं. तिला मी म्हटलं, "लोकांच्या तोंडात दोन्ही हात घालून काम करतेस, आणि इथे गडबडतेस?" ती म्हणाली, "ताई, तिथे लाट येत नाही."

अंकुश हल्ली सारखा फोनवर. कोणी बाबल आहे, त्याच्याशी बोलतो. "आज वारा कसा आहे?" असं विचारत होता. डेपोतला कोणीतरी गावाला स्थायिक झाला असेल. कामधंदा नाही, वाऱ्याच्या गप्पा. काल तर अंघोळीला जातानाही फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत नेला. मोबाईलचं व्यसन पोरांना लागतं म्हणतात, इथे एकसष्टाव्या वर्षी.

२८ डिसेंबर, रविवार

दहा-अकरा जानेवारीला पुन्हा मालवण. या वेळी लांबच्या खडकावर, बंदरापासून तासभर आत. पाणी स्वच्छ असतं, पण ओढ असते. बॅचमधल्या बाकी दोघांनी माघार घेतली. आम्ही तिघीच.

भीती वाटते का? वाटते. हे कोणाला सांगितलं नाही. अंकुशला सांगितलं तर तो जाऊ नको म्हणेल आणि मग मला जावंच लागेल. म्हणून नाहीच सांगत.

फक्त एवढं सांगितलं की बोट आप्पांची, नाव 'भागीरथी', आम्ही तिघी, साडेदहाला पाण्यात, सव्वाअकराला वर. विचारायच्या आधीच सांगून टाकलं, कटकट नको. त्याने कॅलेंडरवर लिहून घेतलं.

१२ जानेवारी, सोमवार

मालवण. ईश्वरीच्या आईच्या घरी, पडवीत बसून लिहिते आहे. काल लिहायची ताकद नव्हती. सगळं आठवतंय तोवर उतरवते.

काल सकाळी निघायच्या आधी डबी मी स्वतः बंद केली. रिंग बोटाने चाचपली, उजेडात बघितली, टिश्यू घातला, वर बीकन. दहा पस्तीसला पाण्यात उतरलो. खाली सुंदर होतं. ते नंतर लिहीन. परतायच्या वेळी मात्र खडकाशी थांबवेना. पाणी ओढून नेत होतं. ईश्वरीने वर जायची खूण केली. आम्ही हळूहळू, थांबत थांबत वर आलो.

वर बोट नव्हती.

मी गोल फिरून बघितलं. लाटा कमरेएवढ्या, पण बोटीत बसून बघणाऱ्याला कमरेएवढ्या. पाण्यात नुसतं डोकं असताना ती भिंत असते. लाटेच्या डोक्यावर आलं की लांब किनाऱ्याची रेघ दिसायची, खाली गेलं की आकाश. घड्याळात अकरा अठरा.

ईश्वरीने नारिंगी लांब फुगा फुगवून उभा धरला. तिघींनी एकमेकींचे पट्टे पकडले. शिट्ट्या मारल्या. कोणी आलं नाही. इंजिनाचा आवाजही नाही.

"येतील आप्पा," ईश्वरी म्हणाली. "थांबू थोडं."

थांबलो. मी किनाऱ्याकडे बघत होते. आधी तिथला पांढरा मोबाईल टॉवर दिसत होता. दहा मिनिटांनी तो शोधावा लागला.

"ईश्वरी, डबी उघडते," मी म्हटलं.

"ताई, नको ना. बटण दाबलं की सगळी यंत्रणा हलते. आप्पा इथेच कुठेतरी असतील. त्यांची बोट अडकून पडेल, चौकशी होईल. सत्तरीला आलेला माणूस आहे."

मला पटलं. खरं लिहिते, मला पटलं, कारण मलाही तेच हवं होतं. दाबलं आणि दोन मिनिटांत आप्पा आले तर? सगळ्या मालवणात हसं. एक म्हातारी शिकाऊ बाई घाबरली म्हणून हेलिकॉप्टर आलं! मी आणखी थांबले.

मग जाईच्या पोटरीला वांब आला. ती ओरडली नाही, नुसते दात आवळले. मी तिचा पाय धरून ताणला. तेवढ्या वेळात लाटेवरून बघितलं तर टॉवर नव्हताच.

आमच्या लाइनवर एक नियम आहे. शंका आली की लाल चिठ्ठी. विचार नंतर. चिठ्ठी नंतर काढता येते, गेलेला व्हॉल्व्ह परत आणता येत नाही. ती चिठ्ठी मी चोवीस वर्षं साहेबांच्या तोंडासमोर लावते, कोणाला न घाबरता. आणि इथे थांबून राहिले होते.

"ईश्वरी," मी म्हटलं, "आप्पा आले तर आपण केंद्राला फोन करून सांगू, सापडलो म्हणून. हसू देत लोकांना. मी उघडते."

तिने जाईच्या आवळलेल्या जबड्याकडे बघितलं. मग म्हणाली, "उघडा."

जाईने मला मागून धरलं, ईश्वरीने समोरून लाटेला पाठ दिली. डबी छातीवर. तोंड बाजूला. झाकण फिरवलं. बीकनची दोरी मनगटात. मी बीकन काढलं, टिश्यू ओठांना लावून बघितला. हात ओले होते ना, दुसऱ्या कशाने कळणार? कोरडा होता. त्या तशा परिस्थितीत मला हसू आलं. जाई म्हणाली, "ताई, काय झालं?" मी म्हटलं, "पास."

अँटेना उभी केली. बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकायला लागला. अकरा एकेचाळीस.

मग नुसतं धरून राहायचं. अँटेना आकाशाकडे, पाण्याच्या वर. हात भरून येतो. आम्ही पाळी लावली, दहा-दहा मिनिटांची. दोरी मात्र माझ्याच मनगटात. जाईने तिच्या एका पेशंटची गोष्ट सांगितली, ज्याने दात काढताना तिचंच बोट चावलं होतं. ईश्वरी रडायला लागली. म्हणाली, "मी तुम्हाला इथे आणलं." मी तिला म्हटलं, "मला कोणी कुठे आणत नाही, मी येते. पाळी तुझी आहे, हात वर कर."

आमचं काय होईल असं मला किती वेळा वाटलं ते लिहीत नाही. वाटलं. लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. ती बेंगळुरूला, तिला रविवारी झोपायचं असतं. म्हटलं, उठली नसेल अजून.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी जाईने आधी आवाज ऐकला. मासेमारीची हिरवी बोट, सरळ आमच्याकडेच येणारी. पुढच्या टोकावर एक काळाकभिन्न माणूस उभा, हाताने डोळ्यांवर सावली धरलेली. जवळ येताच त्याने ओरडून विचारलं,

"तुमच्यात अंकुशरावांची बायको खयची?"

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले. हात वर केला. शाळेत करतात तसा.

"घाबरू नकात," तो म्हणाला. "मी बाबल."

वर ओढून घेतलं, गोधड्या दिल्या, काळा चहा दिला. बाबलने सांगितलं ते असं. आम्ही खाली असताना आप्पांच्या बोटीच्या पंख्यात वाहून आलेलं तुटकं जाळं गुंतलं. इंजिन बंद. बोटीवर ते एकटेच. बोट वाऱ्याने एकीकडे गेली, आम्ही पाण्याने दुसरीकडे. त्यांचा फोन लागत नव्हता. केंद्राने किनाऱ्याला कळवलं, गस्तीची बोट निघाली. त्याआधी अंकुशने केंद्राला सांगितलं होतं की त्या बाजूला बाबलची बोट आहे, हा घ्या नंबर.

"तुम्ही ह्यांना ओळखता?" मी विचारलं.

"म्हणजे काय! दर आठवड्याक फोन करतत. वारो कसो आसा, पाणी कसा आसा, सगळा इचारतत. लय बोलको माणूस."

खरं आहे. याला गप्पांची हौसच आहे. कुठून कोणाशी ओळख काढेल सांगता येत नाही, आणि योगायोग असा की काल तीच ओळख कामाला आली.

बाबलच्याच फोनवरून घरी फोन केला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला.

"मी आहे," मी म्हटलं.

"तिघी?"

"तिघी."

"बरं." आणि ठेवून दिला.

एवढंच! कशी आहेस नाही, लागलं का नाही. बोटीत सगळ्यांसमोर मला फार वाईट वाटलं. जाईच्या नवऱ्याने जहाजावरून फोन करून तिला अर्धा तास धीर दिला, आणि माझा माणूस "बरं" म्हणतो.

आप्पांना गस्तीच्या बोटीने ओढून आणलं. बंदरावर ते माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. मला कसंतरी झालं. मीच त्यांचे हात खाली केले. म्हटलं, "आप्पा, पुढच्या वेळी सोबत एक माणूस आणि पंख्यासाठी सुरी." म्हणाले, "दोन माणसा ठेवतंय, ताय."

१४ जानेवारी, बुधवार

कामावर गेले. बाजीरावसाहेबांनी लाइन थांबवून सगळ्यांना सांगितलं. मला बोलायला उभं केलं. मी फक्त ओ-रिंगबद्दल बोलले, दुसरं काही सुचलं नाही. टाळ्या वाजल्या. आता सगळे मला 'बुडबुडा मॅडम' म्हणतात, मला आवडलं.

घरी अंकुशला विचारलं, फोन आला तेव्हा काय झालं. म्हणाला, "काय व्हायचंय? अकरा बावन्नला आला. हिंदीत विचारलं. मी सांगितलं, तीन बायका, बोट 'भागीरथी', साडेदहाला उतरल्या, सव्वाअकराला वर यायला हव्यात, बोटीत परतल्या असत्या तर बटण दाबलं नसतं. माझी बायको उगाच बटण दाबत नाही."

"असं सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. मी काय केलं? एक फोन उचलला." आणि भांडी घासायला उठला.

संध्याकाळी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरची स्मिता भेटली. म्हणाली, "रविवारी तुमचे मिस्टर दोन तास गच्चीवर उन्हात उभे होते. मी पापड वाळत घालायला गेले तर म्हणाले, इथे रेंज चांगली येते." आमच्या घरात रेंजला काही झालेलं नाही. हॉलमध्ये सगळ्या दांड्या दिसतात. गच्चीवर कशाला जायचं? डोक्याला ऊन लागलं असतं म्हणजे? विचारलं तर "तुला नाही कळायचं" म्हणाला.

२५ जानेवारी, रविवार

पूल. ईश्वरीने सगळ्या बॅचसमोर सांगितलं, "समुद्रात मी ताईंना थांबवलं होतं. ती माझी चूक. डबी ज्याच्याकडे, निर्णय त्याचा, आणि वाट बघायची वेळ आधी ठरवून पाण्यात जायचं." पोरगी मोठी आहे मनाने. मी सगळ्यांसमोर तिची चूक काढून कुढले होते, ती स्वतःची चूक स्वतःच सांगून मोकळी झाली.

बीकन कंपनीकडे पाठवलं आहे. एकदा वापरलं की बॅटरी बदलावी लागते. डबी माझ्याकडेच. नवीन रिंग बसवली. जुनी चांगली होती, पण टाकली.

मला पुन्हा जायचं आहे. भीती आहेच, पण जायचं आहे. खाली गेल्याशिवाय ती भीती तिथेच पाण्यात तरंगत राहील.

८ फेब्रुवारी, रविवार

नवीन बॅटरी बसून बीकन आलं. चाचणीचं बटण एकदाच दाबलं, दिवा लागला. महिन्यातून एकदा पुरे, उगाच दाबून बॅटरी संपवायची नाही.

अंकुशला सांगितलं, पुढच्या शनिवारी चाललो. मी भांडणाच्या तयारीने सगळी वाक्यं घोटून ठेवली होती. तो म्हणाला, "मी पण येतो." मग म्हणाला, "पाण्यात नाही. बोटीत."

वाक्यं वाया गेली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काल दुपारी आम्ही तिघी वर आलो तेव्हा बोट वीस हातांवर होती. आप्पा, त्यांची दोन माणसं, आणि कठड्याला लटकून बसलेला अंकुश. सकाळपासून तीन वेळा ओकला होता. आप्पांनी त्याला लिंबू दिलं होतं, ते मुठीत तसंच.

मी शिडीने वर आले, डबी काढली, धुतली, पुसली. टिश्यू कोरडा. त्याच्याशेजारी टेकले. तो पांढराफटक पडला होता.

"घरी बसला असतास तर बरं झालं असतं," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. नाही. मग पाण्याकडे बघून म्हणाला, "क्रांती, खाली काय असतं?"

आठ महिने मी पाण्यात जाते. रिंग, ग्रीस, हूक, दाब, सगळं त्याला ऐकवलं. हे कधी सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "आधी आवाज जातात. मग फक्त आपला श्वास ऐकू येतो, आपल्याच कानात. रंग निळे होत जातात. आणि एक मासा आहे, पोपटासारखी चोच असलेला. तो खडक खातो."

"खडक खातो?"

"कुरतडतो. कुरुम कुरुम आवाज येतो, लांबून. आज पाच होते. मी एका जागी थांबले तर माझ्या पुढ्यात येऊन खात बसले, मी कोणी नसल्यासारखे."

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली. उतरताना. मग ते खाताना दिसले आणि विसरले."

तो पहिल्यांदा हसला, पांढऱ्या चेहऱ्याने. "अजून सांग," म्हणाला.

मी सांगत राहिले. मध्येच आप्पांनी इंजिन सुरू केलं. त्या धडधडीत माझं बोलणं ऐकू येईना, म्हणून तो कठडा सोडून जवळ सरकला.